एका वितीचं अंतर

सुनेने सासूबाईंची हनुवटी तिसऱ्यांदा डोळे तपासायच्या यंत्राच्या कठड्यावर टेकवली आणि मागून डोकं दाबून धरलं. बोलायचं असलं की सासूबाई हनुवटी उचलत, आणि त्यांना सारखंच बोलायचं असे.

"हा मेला तांबडा दिवा माझ्याकडे काय टक लावून बघतोय?" त्या ओरडल्या. तिशीत तापाने कान गेल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांना तो एव्हाना आला होता.

कान गेल्यावर त्या ओठ वाचायला शिकल्या. इतक्या पक्क्या, की बावीस वर्षांत सुनेला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही पुटपुटायची सोय उरली नव्हती. एखादा शब्द सुटला, की दारातून उत्तर हजर. मग दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू आला आणि उत्तरं बंद झाली. पहिला महिना सुनेने पोटभर बोलून घेतलं. दुसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं, की सासूबाई नुसती मान डोलावतात. नवरा जहाजावर, वर्षातले दोन महिने घरी, तेही झोपलेला. घरात बोलणारी तोंडं दोनच. गेल्या आठवड्यात ती मुद्दाम समोर उभी राहून म्हणाली, "मी हे घर सोडून चालले." सासूबाई हसून म्हणाल्या, "हो, चालेल."

तेव्हापासून मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या प्रीमियम भिंगाचं पत्रक तिच्या पर्समध्ये होतं. त्यावरची आजी चष्म्याशिवाय लांबचं, मधलं, जवळचं सगळं बघत होती आणि कुणाशीच भांडत नव्हती.

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं.

"बुबुळ छान आहे. बाहुली ठीक. अश्रूही पुरेसे आहेत."

"ते मी कधी कमी पडू दिले नाहीत," सून म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "पण डोळ्याच्या आतला पडदा बघा. बरोबर मधोमध सुरकुती. तुमचं हे भिंग आलेला उजेड वाटून टाकतं, थोडा लांबच्याला, थोडा जवळच्याला. धडधाकट पडद्याचं त्यात भागतं. यांना त्या वाटणीतून धड काहीच दिसणार नाही. दुसरा डोळा तर लहानपणापासून अधू."

"थोडंफार दिसलं तरी चालेल."

"ओठ दिसणार नाहीत."

"मग ती सुरकुती काढा ना!" आता सुनेचा आवाज सासूबाईंच्या पट्टीत गेला.

"काढली तरी पडदा पहिल्यासारखा होत नाही."

तिने पत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. "इथं लिहिलंय. सगळी अंतरं."

"ते आम्हीच छापतो," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले. "साधं भिंग बसवू. सगळा उजेड एकाच अंतराला. कुठलं, ते यांना विचारा. आत्ता एका वितीपलीकडे त्यांना काही ओळखू येत नाही."

सुनेने पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं: लांबचं, खोलीतलं की अगदी जवळचं? 'खोलीतलं' तिने तीनदा गिरवलं आणि कागद सासूबाईंच्या नाकाशी धरला.

"जवळचं," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, जवळचं घेऊन करणार काय?"

मग त्याच कागदावर तिने लिहिलं: मी बोललेलं कळणार नाही. शेवटची अक्षरं कागदाच्या कडेवरून घसरली.

"रफू करीन," सासूबाई म्हणाल्या. "लोकांचे कोट रफूवाचून पडलेत. हातात सुई असली की मी बहिरी नसते."

पेन खाली पडलं. ते उचलायला वाकलेली सून उठलीच नाही. स्टुलाशेजारी फरशीवर बसून राहिली. डॉक्टर फाइलीत बघू लागले.

सासूबाईंनी हवेत हात चाचपले. केस सापडले, मग कान, मग गाल. दोन्ही गाल धरून त्यांनी तो चेहरा वर ओढला, थेट आपल्या नाकासमोर, आणि अंगठा ओठांच्या कोपऱ्याशी टेकवला.

"बोल," त्या ओरडल्या.

दोन वर्षं मोकाट बोलत सुटलेल्या सुनेच्या तोंडून जुनी तक्रारच निघाली. "भांडी का आपटता?" ती पुटपुटली.

"भांडी मी आपटत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हातातून निसटतात. पुढे?"