धोका किती, ते सांगा

शर्टांच्या कारखान्यात सगळे तिला मास्तरीण म्हणत. वीस वर्षं कटिंगच्या टेबलावर, कापडाचे चाळीस थर एकदम कापायची, पण रेघ हलायची नाही. त्या दुपारी मात्र अंगातून आगीचा लोळ उठला, घाम डोळ्यांत गेला आणि चाळीस कॉलर एका झटक्यात वाया.

सुपरवायझर हसला. "काय मास्तरीणबाई, वय झालं!"

तिचं डोकंच सणकलं. पाळी जाऊन वर्ष उलटलेलं, झोपेचं खोबरं झालेलं, आणि वर हे ऐकायचं?

नवऱ्याला घेऊन ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. ते बोलले नवऱ्याशीच. "बायकांचं या वयात असं होतंच हो. सांभाळून घ्या."

"हार्मोनची औषधं असतात ना?" तिनं विचारलं.

"छे! कॅन्सर होतो त्यानं."

"किती जणींना?"

"आकडे घेऊन तुम्ही काय करणार?"

"सुताचा फरक पडला तर शर्ट बसत नाही, डॉक्टर. आकड्यांवरच पोट आहे माझं!" ती ताडकन उठली.

मग दोघं दुसरीकडे, एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आधी तिलाच खोदून खोदून विचारलं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? पायात कधी रक्ताची गुठळी? तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "एकावन्न वय, पाळी नुकतीच गेलेली. तुम्हाला फायदा बहुधा जास्त. झोप लागेल, हाडं टिकतील. स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, जितकी जास्त वर्षं घ्याल तितका. गोळीपेक्षा कातडीवर चिकटवायच्या हार्मोनच्या पट्टीनं गुठळीची भीती कमी. गर्भाशय आहे, म्हणून त्याच्या अस्तराला जपायला सोबत दुसरं हार्मोनही लागेल. ठरवा तुम्ही."

बाहेर आल्यावर नवरा चाचरला. "म्हणजे धोका आहेच ना?"

"आहे. पण डोळ्यांवर झापड असताना मी कटिंगचं पातं चालवते, तो धोका कुणी मोजला?"

तो खाली बघत म्हणाला, "त्या पहिल्या डॉक्टरांकडे मी नुसती मान डोलावत बसलो. चुकलंच."

तिनं पट्टी सुरू केली. दोन महिन्यांत झोप परतली, हात स्थिरावला. राग मात्र उतरेना.

एके दिवशी काज-बटणवाली हळूच म्हणाली, "मलापण तुझ्यासारखंच अंग पेटतं गं. पण माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय."

"मग ही पट्टी तुझ्यासाठी नाही. पण चल."

डॉक्टरीणबाईंनी तिला हार्मोन नसलेलं औषध दिलं. बाहेर येऊन काज-बटणवाली रडायला लागली. "अर्धा तास ऐकलं गं त्यांनी माझं."

"अर्धाच तास!" मास्तरीण फणकारली. "एवढासुद्धा नव्हता कुणाकडे आपल्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्या बायकांना टेबलाभोवती बसवलं आणि डॉक्टरीणबाईंकडून कळलेलं सगळं सांगायला लागली. सुपरवायझर डोकावला, तर म्हणाली, "या, तुम्हीपण ऐका. घरी बायको आहे ना?"