गुडघ्याखालची गोणी

माझी पहिली गादी इतकी सुंदर झाली की ती वायाच गेली.

हे मला कळायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी शाळेत भलतीच ऐटीत फिरत होते. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी घेताना माझा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, शेजारची रूपाली माझ्या वतीने 'हजर' म्हणायची. यंदा दहावीत आल्यापासून काय झालं कोण जाणे, माझा आवाज मोठा झाला आणि डोक्यात एकसारखं येऊ लागलं की आपण काहीतरी बनवावं. मम्मीच्या शिलाई मशीनवर हातही बसला होता. मग गादीच बनवली, आबांसाठी.

आबा म्हणजे माझे वडील, झुलाल मिस्त्री. सोनगीरजवळच्या आमच्या गावात चुलतभावंडं त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. जळगावात आम्ही मेहरूणला राहतो आणि आबा फरशी बसवतात. फरशी बसवणं म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर राहणं. खाली खडबडीत स्लॅब, त्यावर रेती-सिमेंटचा माल, आणि आबा दोरी धरून एकेक फरशी लावत मागे मागे सरकत जातात. लावून झाली की रबरी हातोडीच्या दांड्याने तिच्यावर टकटक करतात आणि कान देतात. पोकळ वाजली तर उचलायची, माल सारखा करायचा, पुन्हा ठेवायची. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती आपणहून कुठेच जात नाही. मी लहानपणी हा खेळ खेळलेय.

वीस वर्षांत गुडघ्यांची पार वाट लागली. संध्याकाळी ते फुगून येतात. आबा जिना आडवे चढतात, खेकड्यासारखे. बाजारातून पट्टे लावायचे गुडघ्याचे पॅड आणले होते, पण त्यांच्या आत सिमेंटचं पाणी शिरून कातडी सोलली, तेव्हापासून ते खिळ्याला टांगलेत. आबा गुडघ्याखाली सिमेंटची रिकामी गोणी चौघडी करून घेतात, आणि तिच्यातून खडा टोचायचा तो टोचतोच.

आणि मग धुळ्याहून सुकदेवमामाचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या गोडाऊनवर वॉचमनची जागा निघाली होती. खुर्चीवर बसायचं काम. मामाला महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"सध्या एका घराचा मोठा हॉल धरलाय त्यांनी," मम्मी मला भांडी घासताना म्हणाली. "म्हणे, हा हॉल जमला तर ठीक. नाही जमला तर थापी ठेवून देणार."

"आणि खुर्चीवर बसून काय करणार?"

"बसणार."

आबा आणि नुसते बसलेत. मला ते चित्र डोळ्यांसमोर आणताच येईना. आमच्या घरात पाहुणे आले तरी आबा बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने फरशीचा सांधा चाचपतात.

म्हणून गादी. गावाकडून काकांनी पाठवलेला कापूस होता, तो पिंजून भरला. वर मम्मीच्या निळ्या साडीचा काठ, चार कोपऱ्यांना आरसे, आणि धरायला वेणीसारखा विणलेला बंद. सोमवारी सकाळी ती आबांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आरशात स्वतःची मिशीही पाहिली.

"भारी शे," ते म्हणाले. आबा अहिराणीतच बोलतात, 'शे' म्हणजे 'आहे'.

रोज संध्याकाळी मी विचारायचे, "गादी कशी आहे?" आणि आबा म्हणायचे, "भारी." गुडघे मात्र रोज फुगलेलेच. मला वाटलं, वेळ लागत असेल.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. आबांचा डबा घेऊन मी कामावर गेले. ते घर तळ्याच्या बाजूला बांधलं जात होतं. मालकीणबाई सुनंदाबाई, रावेरकडच्या, केळीची शेती असलेल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या रोज देखरेखीला येतात. आत जाऊन पाहते तर अक्का माझ्या गादीवर पाय पसरून बसलेल्या आणि बशीतून चहा पितायत. हॉलच्या पार त्या टोकाला आबा, गुडघ्याखाली सिमेंटची गोणी.

"ये व माय, बस," अक्का म्हणाल्या. "तुझ्या बापानं गादी मोठी झ्याक आणली. माझी तर कंबरच सुटली."

माल कालवणारे रुपचंदकाका घमेलं खाली ठेवत हसले. "अक्का, ती गादी या पोरीनंच शिवली. मिस्त्री रोज पिशवीतून काढतो, झटकतो, तुम्हाला देतो. संध्याकाळी पुन्हा घडी करून पिशवीत. नवरीला इतकं कोणी जपत नाही."

मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. "तुम्ही एकदा तरी बसलात तिच्यावर?"

आबांनी हातातली फरशी ठेवली, टकटक केली, कान दिला. मग म्हणाले, "तिले माल लागी जाई ना बेटा. इतली चांगली वस्तू कोणी घुडघाखाले ठेवस का?"

"मग कशाला बनवली मी?"

"पाहुणासाठे शे ना ती."

मला इतका राग आला की डबा तिथेच ठेवून निघाले. घरापर्यंत तोंडातल्या तोंडात भांडत गेले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले, आणि समोर काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे सहा कप दिसले. माझ्या जन्माच्या वेळचे. पाहुण्यांसाठी. आम्ही स्टीलच्या ग्लासातून चहा पितो. पलंगाखालच्या पेटीत मऊ ब्लँकेट आहे, लेबलासकट. ते पाहुण्यांसाठी. सोफ्यावर प्लास्टिक आहे, ते काढतो तेही पाहुणे आले तरच. आमच्याकडे वस्तू चांगली झाली की ती घरच्यांच्या हातून जातेच, आणि हे जन्मभर पाहूनही मी गादीला आरसे लावले होते.

चूक गादीची नव्हती, आरशांची होती.

आबा कोणती वस्तू मागचापुढचा विचार न करता वापरतात? गोणी. कारण तिच्याकडे बघून कुणालाही वाईट वाटत नाही.

म्हणजे मला अशी गादी बनवायची होती जी दिसायला गोणी असेल. मामाला उत्तर द्यायला आता आठच दिवस उरले होते, आणि मला एकदम जोर आला.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा कामावर गेले. आबांना म्हटलं, शाळेचा प्रकल्प आहे. हे अगदीच खोटं नव्हतं, बाईंनी 'निरीक्षण करा' असं नेहमीच सांगितलंय. तासभर कोपऱ्यात बसून मी आबांना बघत राहिले. इतकी वर्षं ज्यांना बघतेय त्यांना मी नीट पाहिलंच नव्हतं. ते दोन्ही गुडघे टेकतात, पण पायाची बोटं दुमडलेली असतात, म्हणजे बोटांखालीही मऊ हवं. दोन-तीन फरशा झाल्या की ते गोणी पायाने मागे ओढतात, हातांना माल लागलेला असतो ना. आणि एक ओळ पुरी झाली की चक्क आडवे होतात. एका कुशीवर, कोपर टेकून, गाल जमिनीजवळ, एक डोळा बंद. फरशा एका पातळीत आहेत का ते तसं निजून दिसतं. तेव्हा त्यांचा खुबा आणि कोपर उघड्या स्लॅबवर असतात.

"काय लिहितेस व इतकं?" अक्कांनी विचारलं. आज त्या साध्या पाटावर बसल्या होत्या. कालपासून त्या गादीवर बसायला तयार नव्हत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. आधीची मी असते तर मान हलवून पळाले असते. पण आता एकदा तोंड उघडलं की थांबत नाही, हा नवाच रोग लागलाय.

"कापूस नको," मी म्हटलं. "तो ओला झाला की गोळा होतो. असं काहीतरी हवं जे दबेल, उसळेल आणि धुता येईल."

अक्का जरा विचार करून म्हणाल्या, "आमच्या खळ्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग पडलाय. चालतील?"

ठिबकच्या नळ्या. अर्ध्या जिल्ह्याच्या बांधावर त्या वेटोळी करून पडलेल्या असतात, आणि मी त्यांच्यावर पाय देऊन रोज शाळेत जाते. आतून पोकळ, दाबली की दबते, सोडली की गोल. अक्कांनी सोमवारी पिकअपमधून दोन वेटोळी पाठवली आणि बरोबर केळीचे घड भरताना मध्ये घालतात तो पातळ पांढरा फोमही. "हा टाकूनच द्यायचा असतो," असा निरोप होता.

नळ्या कापून शेजारी शेजारी लावल्या, सुतळीने विणल्या आणि मी त्यांच्यावर गुडघे टेकून विज्ञानाचा अख्खा धडा वाचला. उठले तेव्हा गुडघ्यांवर वहीसारख्या रेघा. मम्मी म्हणाली, "आता त्यावर पाढे लिही." मग नळ्यांचा दुसरा थर पहिल्याला आडवा घातला आणि वरून फोमच्या पाच घड्या. इतिहासाचा धडा गुडघ्यांवर वाचला. रेघा नाहीत. भूगोलही वाचला. त्या आठवड्यात माझा इतका अभ्यास झाला की मम्मीला काळजी वाटू लागली.

आडवं होण्यासाठी मी ती तीन पानांची केली. मिटली की गुडघ्यांना जाड, उघडली की कोपरापासून कमरेपर्यंत पुरेल अशी. खाली जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या शिवल्या, घसरू नये म्हणून. पायाने ओढायला एक पट्टा. आणि वरून सगळ्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, छापलेली अक्षरं बाहेर, धूळही न झटकता. मशीनच्या दोन सुया मोडल्या. मम्मीने तिसरी काढून दिली, आणि ती वस्तू बघून म्हणाली, "शी. हे कचऱ्यात टाकलं तर कचरावाला परत आणून देईल."

मला यापेक्षा मोठं कौतुक नको होतं.

गुरुवारी शाळेआधी मी हॉलवर गेले. आबा यायचे होते. रुपचंदकाका रेती चाळत होते. मी आबांची नेहमीची गोणी काढून घेतली आणि तिच्या जागी माझी ठेवली. काकांनी पाहिलं.

"मिस्त्रीला सांगू?"

"एक शब्द नाही."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"म्हणायचं, गोणी आहे."

दिवसभर शाळेत मी बाकावर चुळबुळत होते. रूपालीने विचारलं, पोटात दुखतंय का. संध्याकाळी आबांची मोपेड वाजली तेव्हा मी दारातच होते. आबा जिना चढले. एकेक पायरी, कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून. पण तोंड समोर करून. आडवे नाही.

आबांनी हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, बातम्या बघितल्या. शुक्रवारीही तसंच. शनिवारीही. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही की काय. मी बोलून टाकणार होते, पण मम्मीने डोळे वटारले.

रविवारी सकाळी मामाचा फोन आला. आबा तेव्हा जमिनीवर बसून थापी घासत होते. मम्मीने फोन त्यांच्या कानाला लावला. मी पोहे खात होते, म्हणजे पोहे समोर होते.

"नही, सुकदेवभाऊ," आबा म्हणाले. "हॉल व्हई गया. काल पुरा व्हयना." मग थोडा वेळ ऐकलं. "घुडघा? दुखतस ना. दुखतस, पन चालस. दिवाळीपर्यंत तरी नही. मंग पाहू."

मामा पलीकडून बरंच काही बोलत असावा. आबा हं हं करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ती जागा दुसरा कोनले दे. माले आखो एक घर मिळनं शे." आणखी एक घर, हे मला नवीनच होतं.

फोन ठेवल्यावर ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूच, पण उठले. बाहेर जाऊन मोपेडच्या पिशवीतून माझी गोणी घेऊन आले आणि माझ्या पोह्यांशेजारी धपकन टाकली. तिच्यावर माल वाळला होता, एका कोपऱ्याला चहा सांडला होता, आणि मधोमध दोन खोलगट खळगे पडले होते, आबांच्या गुडघ्यांच्या मापाचे.

"ही कोणी शिवनी?"

"गोणी आहे ती," मी म्हटलं.

"माले बठ्ठं समजस." बठ्ठं म्हणजे सगळं. आबांनी खाली बसून ती उघडली, तीन पानं जमिनीवर पसरली आणि हातोडीचा दांडा घेऊन तिच्यावर टकटक करू लागले. इथे, तिथे, कडेला. कान देऊन.

"हाई कोपरानी बाजू पातय शे," ते म्हणाले. कोपराकडे पातळ होती, खरंच, तिथे फोम संपला होता. "आन् शिवण इथं उसवी राहिनी. आन् हाऊ पट्टा उजवीकडे कसाले? मन्हा वढाना पाय डावा शे." ते गोणी डाव्या पायाने ओढतात, हे माझ्या वहीत नव्हतंच.

एका दमात तीन चुका. पहिल्या गादीत त्यांनी एकही काढली नव्हती.

"आणि रुपचंदकाका?" मी विचारलं. "ते काय म्हणाले?"

"तो म्हणस, माले बी एक. पन त्याना पाय लांब शेतस, माप घी."

मी वही आणायला उठले. परत आले तर आबांनी कानामागची लाल पेन्सिल काढली होती, फरशीवर खूण करतात ती. आरशांच्या गादीला त्यांनी मालाचा एक थेंब लागू दिला नव्हता. हिच्यावर त्यांनी डाव्या अंगाला, पट्टा हवा तिथे, दाबून एक मोठी फुली मारली आणि ती माझ्याकडे सरकवली, डाव्या पायाने.