हातावरचं दही

चंपतरावांच्या फाटकाची कडी काढता काढता लतिकाबाई थांबल्या, वळल्या आणि मागे घोळक्याने उभ्या असलेल्या कबड्डीच्या मुलींना त्यांनी हातानेच जवळ बोलावलं.

“ऐका. आत गेल्यावर एकमेकींना नावानं हाक मारायची. आडनावं नकोत.”

मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“काहून मॅडम?” परातेनं विचारलं.

“हे घर आहे, मैदान नाही.”

“मंग आमचं दोघीचं कसं कराव?” पराते आणि धकाते, दोघीही निर्मला. “कोणी निर्मला म्हणन तर म्या ओ द्याव का इनं?”

“तिला नीमा म्हणा.”

“मले नाही म्हणाचं हां कोणी नीमा,” धकाते फणकारली आणि सगळ्या खिदळल्या.

जया मेश्राम हसली नाही. ती वाकून सँडलचा पट्टा लावत होती. एक पट्टा लावायला लागतो त्यापेक्षा तिला बराच जास्त वेळ लागला. लतिकाबाईंनी ते पाहिलं आणि घाईघाईने फाटक उघडलं.

मैदानावर आडनावाशिवाय काम चालत नाही. चढाई करणारीचा दम चालू असताना ‘अगं जया, जरा मागे ये बाळ’ असं म्हणायला वेळ कुणाला असतो? लतिकाबाई स्वतः खेळायच्या तेव्हा त्यांनाही सगळे ‘सोनटक्के’ म्हणत आणि लग्नानंतर आडनाव बदललं तरी जुन्या मैत्रिणी अजून सोनटक्केच म्हणतात. ‘मेश्राम, कोपरा!’ ही त्यांची हाक कॉलेजच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर जायची. समोरच्या पानठेल्यावाल्यालासुद्धा मेश्राम कोण ते माहीत होतं. मुलींनाही एकमेकींची पहिली नावं आठवून आठवूनच सांगावी लागत. आणि आज दारातच त्यांनी हा नियम मोडायला सांगितला होता.

नावांचा हा नवा नियम त्यांचा नव्हता. निदान त्या तसं स्वतःला सांगत होत्या.

जुने क्रीडासंचालक निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची फारशी ओढाताण न होता लतिकाबाईंकडे आली, कारण त्या खुर्चीखाली पैसा नव्हता. संस्था खासगी, सरकारी अनुदान पगारापुरतं. मुलांच्या क्रिकेटला नवी मॅटिंग आली ती एका संचालकांचा भाचा सलामीला खेळायचा म्हणून. मुलींच्या कबड्डी संघाने विद्यापीठाची ढाल जिंकली, जबलपूरच्या अखिल भारतीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, आणि रेल्वेच्या भाड्यापाशी सगळं अडलं. प्राचार्यांनी लतिकाबाईंना चहा पाजला.

“विभागप्रमुख म्हणजे नुसती शिट्टी नव्हे,” ते म्हणाले होते. “माणसं जोडता आली पाहिजेत. चंपतराव खर्च उचलायला तयार आहेत. त्यांची एकच इच्छा आहे, मुलींनी जाण्याआधी घरी जेवून जावं आणि त्यांच्या आईच्या हातून दही घ्यावं. म्हातारी जुन्या वळणाची आहे हो. तेवढं सांभाळा. देणगीदाराच्या घरी आपण काही समाज सुधारायला जात नाही.”

त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. नाव न घेता सगळं सांगण्यात प्राचार्यांचा हातखंडा होता. लतिकाबाईंनी मान हलवली होती, आणि तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जबलपूरला गेलं नाही तर पुढच्या वर्षी ‘मुलींच्या खेळाला प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून संघच बंद करतील, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि गेलं, तर ते जयाच्या जोरावर. तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. छप्पन सालच्या दसऱ्याला जयाचे आईवडील दीक्षा घेऊन परतले, तेव्हा ती आईच्या कडेवर होती. हे तिने एकदा स्वतःच सांगितलं होतं, मैदानात पाणी पिता पिता, सहज. त्या घरात आडनाव लपवायची पद्धत नव्हती.

अंगणात संत्र्यांच्या पेट्यांची चळत होती, पेट्यांत घातलेल्या तणसाचा आणि सालींचा वास दाटला होता. चंपतराव पांढऱ्या धोतरात पुढे आले. इतवारीच्या बाजारात त्यांची संत्र्यांची आडत होती आणि बोलणं मोकळंढाकळं.

“या या, पोट्ट्यांनो! काहून अशा गपचूप? मैदानात तर वाघिणीसारख्या करता!”

मुली खुलल्या. लतिकाबाई मात्र प्रत्येक दाराकडे बघत होत्या. ओसरीवर पाट मांडलेले होते. त्यांनी जयाला आपल्या शेजारी बसवलं आणि बसवल्यावर वाटलं, हे फारच उघड झालं. मग तिला उठवून धकातेपलीकडे बसवलं. तेही बरं दिसेना. जयाने ताट उचललं, परत आली आणि पहिल्या जागेवर बसली.

“आता नाही उठत मॅडम मी,” ती हळूच म्हणाली.

पाटवड्यांचा झणझणीत रस्सा होता, गोळाभात होता आणि वर तेलाची फोडणी. मुलींनी ताटं रिकामी करायचा सपाटा लावला. “निर्मला, मीठ दे,” असं कुणीतरी म्हणालं, तशा दोन हात मिठाकडे गेले आणि पुन्हा हसाहशी झाली. एकीला तिच्या नावाने दोनदा हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. “अवं तुलेच म्हणून राहिली!” असं कोपरखळी मारून सांगावं लागलं. चंपतरावांच्या सुनेला याची मोठी गंमत वाटली. कुणाच्या तोंडून सवयीने ‘मेश्राम’ निघतं की काय, म्हणून लतिकाबाईंचे कान पंगतीत फिरत होते.

कुणाच्याही तोंडून निघालं नाही. मुलींनी आज्ञा चोख पाळली. इतकी चोख, की लतिकाबाईंना ते ऐकवेना. पराते, जी जयाशिवाय पाऊल टाकत नसे, ती तिला काहीच न म्हणता नुसती बोटाने ढोसून वाटी मागत होती.

जेवणं आटोपली तशी चंपतरावांच्या आई, बायजाबाई, बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, नऊवारी, हातात चांदीची वाटी. मुली रांगेने उभ्या राहिल्या. म्हातारीने पहिलीच्या तळहातावर चमच्याने दही घातलं, वर साखर. हात लागू न देता, वरून. सगळ्यांनाच ती तसं वरूनच घालत होती, हे लतिकाबाईंनी पक्कं बघून घेतलं.

“कोणाची वं तू?” तिने परातेला विचारलं.

“ही निर्मला, आजी,” लतिकाबाई मध्येच म्हणाल्या. “कोपऱ्यात खेळते.”

“नाव नाही पुसत बाई. कोणाची हाये?”

“आमच्या कॉलेजची.”

म्हातारीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या मुलीकडे सरकली. तिलाही विचारलं. त्याही वेळी उत्तर लतिकाबाईंनीच दिलं, कॉलेजची. तिसऱ्या मुलीनंतर बायजाबाईंनी विचारणं सोडून दिलं. जयापुढे मात्र त्या थोड्या थांबल्या.

“ही आमची कॅप्टन,” लतिकाबाई भराभर बोलल्या. “जया. हिच्यामुळेच ढाल आली. घे गं, हात पुढे कर.”

जयाने हात पुढे केला. दही पडलं, साखर पडली. म्हातारी पुढे गेली. झालं. निभावलं. आता जबलपूर.

चंपतरावांनी फाटकाशी लतिकाबाईंच्या हातात प्रवासखर्चाचं पाकीट ठेवलं. मुली पुढे सायकलरिक्षांकडे निघाल्या होत्या, कुणी कुणाबरोबर बसायचं यावरून वाद चालला होता.

“मॅडम, एक बोलू का?” चंपतराव आवाज उतरवून म्हणाले. “मले तं माहीत होतं. ढाल म्याच देल्ली ना त्या पोरीले, लाऊडस्पीकरवर नाव ऐकलं होतं. पण तुमी आईसमोर काढलं नाही. बरं केलं. आईलेही तरास नाही, तुमालेही नाही. असं पाह्यजे. तुमी चालवसान डिपार्टमेंट, मी सांगतो प्रिन्सिपॉलले.”

लतिकाबाई हसल्या. देणगीदाराने कौतुक केल्यावर हसायचं असतं, म्हणून ओठ आपोआप हसले. पण आयुष्यात कोणत्याही हरलेल्या सामन्यानंतर त्यांना अशी लाज वाटली नव्हती. या माणसाने त्यांना आपल्यातलं मानलं होतं, आणि ते मानायला त्यांनीच त्याला जागा दिली होती.

अंगणातल्या नळापाशी जया एकटी उभी होती. तिच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून पांढरं पाणी मनगटावर उतरत होतं.

“खाल्लं नाहीस?” लतिकाबाईंनी जवळ जाऊन विचारलं.

“नाही.”

“मग?”

“धुवून टाकाव म्हणून आलो होतो. पण अन्न हाये. टाकवत नाही.” तिने मूठ उघडली नाही. “आणि खाताही येत नाही, मॅडम. हे मले नाही देल्लं त्यायनं. तुमच्या कॉलेजच्या पोरीले देल्लं.”

“जया, मी सगळ्यांसाठीच...”

“तुमी रोज मले मेश्राम म्हणता. मले आवडते ते. घरी बाबाले सांगतो मी, मॅडम अख्ख्या मैदानात आपलं नाव घेते म्हणून.” तिचा आवाज चढला नाही. “आज तुमच्या तोंडाले काय झालं?”

लतिकाबाईंनी रिक्षांकडे पाहिलं. पराते सीटवर उभी राहून हात हलवत होती. गाडीचं आरक्षण, रंगवून ठेवलेल्या जर्सी, प्राचार्यांचा चहा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आत्ता रिक्षात बसलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. जयासुद्धा जबलपूरला खेळेल, चांगली खेळेल, तशी मुलगीच आहे ती. फक्त पुन्हा कधी पाणी पिता पिता काही सांगणार नाही.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“आत.”

जया हलली नाही. “तुमी सांगसान का?”

“तू म्हणशील तसं.”

“मी सांगन,” जया म्हणाली. “माह्यं हाये ते.”

चंपतराव अजून फाटकाशीच उभे होते. त्या दोघींना घराकडे वळताना पाहून ते पुढे आले.

“काही राह्यलं का मॅडम?”

“हो.” लतिकाबाईंनी पर्समधून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. “हे थोडा वेळ तुमच्याकडेच असू द्या. बघू, परत न्यायचं का ते.”

“अवं पण, झालं काय?”

त्या दोघी ओसरीच्या पायऱ्या चढल्या. बायजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, रिकामी वाटी मांडीशी. सून ताटं उचलत होती, ती थांबली. चंपतराव मागोमाग आले आणि “आई, काही नाही वं, तू...” म्हणू लागले, पण जया पुढे झाली होती.

“आजी,” जया म्हणाली, “तुमी मघाशी पुसत होत्या, कोणाची म्हणून. मी जया मेश्राम. नंदनवनच्या दौलत मेश्रामाची पोरगी. बाबा मिलमध्ये आहेत. आमी बौद्ध आहोत.”

अंगणात पेट्यांवर बसलेले कावळे उडाले, पुन्हा बसले. म्हातारीची नजर जयाच्या मिटल्या मुठीवर होती. मनगटावरून एक ओघळ कोपरापर्यंत गेला होता. चंपतरावांच्या हातातलं पाकीट उगाच एका हातातून दुसऱ्या हातात गेलं.

“दौलत मेश्राम,” बायजाबाई म्हणाल्या, नाव लक्षात ठेवायचं असावं तशा. मग त्यांनी जयावरची नजर काढली आणि लतिकाबाईंकडे वळवली. त्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते लतिकाबाईंना समजेना.

“पोरीले तोंड हाये. तिनं सांगतलंही असतं,” त्या म्हणाल्या. “मंग तू काहून नाही सांगू देल्लं, बाई?”

लतिकाबाईंनी तोंड उघडलं. प्राचार्यांचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. शेजारी उभी असलेली जयाही आता वळून त्यांच्याकडेच बघत होती.