माझ्या जागेवर कोण बसणार?

मी एक जुना एसएसडी आहे. मित्रांनो, हे नाव जरा अवघड आहे, आणि मला ते सोपे करून सांगता येईल की नाही, शंकाच आहे. संगणक बंद केला तरी त्याच्या पोटातले सगळे जपून ठेवणारी, बोटभर लांबीची चपटी पट्टी म्हणजे मी.

कारखान्यातून निघालो तो ताईंच्या संगणकात येऊन बसलो. ताई श्रवणयंत्रे दुरुस्त करतात आणि ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे लावून देतात. कुणाला पंख्याची घरघर कमी हवी, कुणाला नातवंडांचे बोलणे स्पष्ट हवे. ती सगळी मापे माझ्यात राहत. "आमचा संगणक काही विसरत नाही," असे ताई सांगत, तेव्हा मला आत बसल्या बसल्या बरे वाटे.

सर्वांत जुने माप बाबांचे, म्हणजे ताईंच्या वडिलांचे. आई रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. आईंचा आवाज अगदी हलका. तो नेमका ऐकू यावा म्हणून ताईंनी ते माप वर्षानुवर्षे थोडे थोडे बदलत आणले होते.

माझी नक्कल काढायची मात्र राहून गेली. "उद्या काढते," म्हणत ताई दुसऱ्या कामाला लागत. हळूहळू मी थकलो. मधूनच संगणकाला दिसेनासा होऊ लागलो. नेमके तेव्हाच दुरुस्तीत बाबांच्या यंत्रातले माप पुसले गेले. ते परत भरणारा प्रोग्रॅम फक्त माझ्यात होता, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. घरातले वाचन थांबले. "जेवायला चला" एवढे सांगायलाही आईंना ओरडावे लागे.

मी मनाशी पक्के केले, की माझ्या जागी योग्य कुणी येईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत.

ताईंनी नवा एसएसडी आणला. माझ्याच लांबीचा, पण माझ्याहून कितीतरी चपळ. तो माझ्या जागेवर अलगद बसला, स्क्रूही लागला. संगणक मात्र म्हणाला, इथे कुणीच नाही. ताईंनी तो काढून पुन्हा बसवला. उत्तर तेच.

"नवीन संगणकच घे ना," आई म्हणाल्या.

"त्यात तो प्रोग्रॅम चालणार नाही, आई. हाच चालू करायचा."

शेजारी बाबा आपले रिकामे यंत्र कानात घालून बघत होते. "बसलंय छान," ते म्हणाले. "ऐकू मात्र काही येत नाही."

ताई हसल्या आणि एकदम थांबल्या. त्यांनी मला आणि नव्याला तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कडेला दोन खाचा होत्या, त्याच्या कडेला एक. मग त्यांनी भिंग घेऊन आमच्यावरची बारीक अक्षरे वाचली. माझ्यावर 'साटा' होते, त्याच्यावर 'एनव्हीएमई'. संगणकाशी बोलायच्या या दोन वेगळ्या भाषा. आमच्या संगणकाला पहिलीच येत होती.

ताई तडक दुकानात गेल्या. मलाही खिशात घेतले.

"ताई, इतका वेगवान दिला, तर परत करताय?" दुकानदार म्हणाला.

"वेगवान आहे हो. पण आमचा संगणक त्याचं ऐकतच नाही."

त्याने दोन खाचांचा दुसरा काढला. ताईंनी उलटून वाचले. "खाचा दोन आहेत, पण हाही एनव्हीएमईच. साटा द्या. लांबी हीच."

दुकानदाराने मागचे कपाट धुंडाळले, तेव्हा कुठे माझा वारस सापडला.

घरी मला एका डबीत घालून तारेने संगणकाला जोडले. वारस माझ्या जागेवर बसला, आणि संगणकाने त्याला लगेच ओळखले. मग मी एकेक गोष्ट त्याच्या हवाली करू लागलो. तापलो, अडखळलो, दोनदा गप्प झालो. बाबांच्या मापापाशी येऊन तर पार अडकलो. पुन्हा वाचले, पुन्हा चुकले, पुन्हा वाचले. शेवटी ते पलीकडे पोचले.

ताईंनी यंत्र लावून बाबांच्या कानात घातले. आईंनी सवयीने ओरडूनच पहिली बातमी वाचली.

"अगं, हळू वाच," बाबा म्हणाले. "शेजाऱ्यांना त्यांचं वर्तमानपत्र विकत घेऊ दे."

मित्रांनो, आता मी ताईंच्या खणात असतो. तुम्हांला एवढेच सांगतो, की जपायचे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि आजच ठेवा. जुन्याच्या जागी नवे आणाल, तेव्हा ते नुसते बसते का एवढेच पाहू नका. जुन्याला हातात घ्या, त्याच्यावर काय लिहिले आहे ते वाचा.

संध्याकाळी पलीकडच्या खोलीत वाचन चालते. काय वाचतात ते मला कळत नाही. आईंचा आवाज फार हळू असतो.