एका माणसाचा भात

शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर बसून मी एक वेबसाइट चालवतो. नाव ‘बिनबटण’. वीज न खाणारी, घरच्या घरी दुरुस्त होणारी साधी यंत्रं, एवढाच विषय. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं, त्यामुळे एक खोड आहे: आठवडाभर स्वतः वापरल्याशिवाय काही छापायचं नाही. वाचक मोजकेच. बरेचसे चुकून येतात आणि लगेच जातात. पण आजवर एकही दुरुस्ती छापावी लागली नाही, याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला.

“पावणं, ‘बिनबटण’ तुमचंच न्हवं? मी गडमुडशिंगीची चिमणाबाई. अंगणवाडीतनं रिटायर झालीया. तुम्ही पेटीतला भात लिवलासा, त्यो शिजत न्हाय.”

‘पेटीतला भात’ हा माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. लाकडी पेटीत भाताचं तूस दाबून भरायचं, मधे पातेल्यापुरती जागा ठेवायची. भाताला गॅसवर दहा मिनिटं उकळी दिली की पातेलं झाकून पेटीत ठेवायचं आणि विसरून जायचं. आतल्या उबेवर दोन तासांत भात होतो. आमच्या घरी चार वर्षं रोज झाला. तेव्हा माझी बायको अनुजा होती, वडील होते, मुलगी राजनंदिनी इथंच होती. मुलगी कॅनडाला गेली, वडील गेले, दोन वर्षांपूर्वी अनुजाही गेली. पेटी माळ्यावर पडून होती.

“तुमचं झाकण नीट बसत नसेल,” मी म्हणालो. आवाज चढला होता.

“झाकणावर पाटा ठेवते की. तीनदा केलं, तिन्ही येळंला कच्चा. आदी करून बघा, मग बोला.” फोन कट.

इरेला पेटून मी पेटी खाली काढली. मूठभर तांदूळ उकळून आत ठेवला. दोन तासांनी पाणी कोमट आणि तांदूळ कच्चा. दुसऱ्या दिवशी नवं तूस भरलं. तिसऱ्या दिवशी वरून घोंगडं गुंडाळलं. दातांखाली कचकच तीच.

चौथ्या दिवशी मी माझाच लेख पुन्हा वाचला. त्यात मी लिहिलं होतं, ‘नेहमीइतका तांदूळ घ्यावा’. अनुजाला माप विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “नेहमीइतका घालते,” आणि मी तेच छापलं. जन्मभर पोरांना सूतभर चुकू दिलं नाही आणि इथं मापच लिहिलं नाही. नेहमीइतका म्हणजे चौघांचा. भरलेलं पातेलं ऊब धरून ठेवतं. मूठभर भातात तेवढी ऊबच नसते, तो शिजण्याआधीच कोमट होतो.

मग चौघांचा भात लावला. झाकण काढलं तर चष्म्यावर वाफ आली. शीत न् शीत मोकळं. लेख खरा ठरला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. ताट घेऊन बसलो आणि अनुजाची इतकी आठवण आली की ते तसंच झाकून ठेवलं. पुढचे दोन दिवस तोच भात फोडणी टाकून खाल्ला.

चिमणाबाईंना फोन केला. “पेटी बरोबर हाय. तुम्ही किती घालतासा?”

“मूठभर. मी एकटीच हाय न्हवं.”

“चौघांचा घाला. मग शिजतोय.”

“आन् तिघांचा कुणाला वाढू?”

पलीकडं दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजून गेला.

“दुरुस्ती छापतो,” मी म्हणालो. “चार माणसांच्या खाली पेटी चालत नाही, असं लिहितो.”

“तेवढ्यानं भागत न्हाय. एकट्या माणसानं गॅसवरच करावा, असं सरळ लिवा. न्हायतर माझ्यासारखं कोणतरी दोन तास पेटीकडं बघत बसंल.”

‘बिनबटण’वर गॅसची शिफारस. पण मी लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. मग राहवेना.

“खरं सांगू? दोन वर्षं मी पण गॅसवरच करतोय. कुणाला बोललो न्हाय.”

“मला ठावं हाय,” चिमणाबाई म्हणाल्या. “घरात माणसं असती, तर एका भातापायी मला परत फोन कशाला केला असतासा?”