माझं घड्याळ मागे गेलं

आधी फक्त घड्याळ चुकलं. ताईने मला चालू केलं, पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि तिच्या हातातला चहा हिंदकळला. मी पहिली जानेवारी दाखवत होतो, आणि सालही कितीतरी जुनं, माझा जन्म झाला तेव्हाचं.

"अगबाई! ह्याला काय झालं?"

तिने तारीख नीट केली, पुन्हा पुन्हा तपासली आणि कामाला लागली. पण तिचं लक्ष लागेना. खरं सांगायचं तर माझंही.

हो, मीच बोलतोय. टेबलाखालचा, एका बाजूला झाकण नसलेला कॉम्प्युटर. मी दुकानातून आयता आलो नाही. ह्याच खोलीत, जुन्या चादरीवर मांडी घालून, दोघा भावंडांनी मला जोडलं. मी घरातलं शेंडेफळ, म्हणून माझ्याही लेखी ते दादा आणि ताईच.

कॅबिनेट एका बंद झालेल्या सायबर कॅफेतलं, रॅम दादाच्या मित्राची, प्रोसेसर तेवढा कोरा करकरीत. दादा स्क्रू पिळायचा आणि ताई टॉर्च धरायची. तिचा हात थरथरायचा.

"टॉर्च आहे की पाळणा? हलवू नकोस ग!"

"मी कुठे हलवतेय? तोच हलतोय!"

ताईला आवाज साफ करायचं काम शिकायचं होतं. लोकांनी मुलांसाठी वाचून दाखवलेल्या गोष्टींमधली खरखर, खोकला, दाराची कुरकुर काढून टाकायचं काम. त्याचं सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या महागड्या मशीनवर चालायचं, आणि तसलं मशीन ह्या घराला झेपणारं नव्हतं. मग दादाने त्या मशीनची सिस्टीम माझ्यात बसवायचं ठरवलं. कंपनीची त्याला मान्यता नव्हती. सिस्टीम मला विचारायची, तू आमच्यापैकीच ना रे? आणि दादाने पढवल्याप्रमाणे मी हो म्हणायचो. कितीदा पकडला गेलो! पडदा काळा, अक्षरांची रांग, आणि सगळं ठप्प. शेवटी एकदाचा पांढरा लोगो उजळला, तेव्हा ताई एवढ्या जोरात किंचाळली की बाबा गालाला फासलेल्या साबणासकटच धावत आले.

"काय चावलं?"

"बाबा, चालू झाला!"

"मग रडतेस कशाला?"

एवढ्यावर थांबेल तो दादा कसला. प्रोसेसरला कंपनीने जो वेग नेमून दिलेला असतो, त्याच्या पुढे मला पळवायचं त्याने मनावर घेतलं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. वेग थोडा वाढवायचा, वीज थोडी जास्त द्यायची आणि मी दम धरतो की कोसळतो ते बघत बसायचं. मी कोसळायचो. दर वेळी ताई दचकायची.

"दादा, जळेल रे तो!"

"जळत नाही. फार तर बंद पडेल."

"आणि बंद पडला तर?"

"पुन्हा चालू करायचा. एवढंच तर असतं, भित्री भागूबाई."

हळूहळू मला दम धरता येऊ लागला. अंगातून गरम वारा निघायचा, म्हणून झाकण उतरलं ते उतरलंच, आणि समोर टेबलफॅन आला. माझे पंखे असे घुमायचे की शेजारच्या काकू विचारायच्या, पिठाची गिरणी काढलीत का? त्या दिवसांसारखा मी नंतर कधीच पळालो नाही. म्हणजे वेग तोच होता, पण शेजारी बसून पैजा लावणारं कोणी नव्हतं.

बाबा कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर. त्यांना हे पटायचं नाही. "मशीनला जेवढा वेग लिहून दिलाय तेवढाच घ्यावा. जास्त ओढलं की टूल तरी तुटतं नाहीतर जॉब तरी बिघडतो. पेटेल एक दिवस हा खोका." असं बडबडत ते जाता-येता माझ्या डोक्यावर हात ठेवून बघायचे. तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.

त्यांनी शब्द टाकून दादाला आपल्याच कारखान्यात लावलं होतं. दादाने ती नोकरी कोणाला न विचारता सोडली. ते भांडण मी झाकण नसल्यामुळे अगदी स्पष्ट ऐकलं.

"तुझंही ह्या खोक्यासारखंच. नेमून दिलंय त्यात भागत नाही!"

"नाही भागत, बाबा."

"मग जा, पळ जिकडे पळायचंय तिकडे!"

दादाने एक सॅक भरली. दारातून मागे वळून ताईला म्हणाला, "अपडेट करू का, असं विचारेल तो. कध्धी हो म्हणू नकोस, सगळं मोडेल."

ताईने कधी हो म्हटलं नाही. उलट जपण्याचा कहर केला. दादा भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचा. ताई काम झालं की ते बंद करायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बघायची. तिला वाटायचं, न जाणो, मी पेटलो तर? पण माझ्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल आहे. भिंतीची वीज थांबली की माझं घड्याळ आणि दादाने शिकवलेलं सगळं तो एकटा धरून ठेवतो. ताईच्या काळजीने तो रोज थोडा थोडा संपत गेला. हे तिला सांगणार कोण? मला खरखरच तेवढी करता येते.

आज सकाळी तो सेल पुरता संपला. तिने मला चालू केलं आणि माझे पंखे हळूच फिरले. इतके शांत, की त्या शांततेनेच ती दचकली. लोगो आला नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस.

बाबा दारात आले. "गेला का?"

"माहीत नाही."

"जाऊ दे. तुला नवा आणू. दादाची सायकल न्यायला भंगारवाला येतोच आहे, हाही देऊन टाकू."

"नाही!" ताई एवढ्यांदा कधी बोलत नाही. "त्याची खाट दिलीत, बूट दिलेत. दादाचं म्हणावं असं घरात एवढंच राहिलंय."

 ताईने दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर पलीकडून तुटला आणि निरोप आला, 'कामात आहे, नंतर.' त्याचं नंतर कधी येत नाही. तिचा फोन म्हणजे घरी कधी येतोस हा एकच प्रश्न, हे त्याला पाठ झालंय. म्हणून तो उचलतच नाही.

खाली भंगारवाल्याच्या गाडीची घंटा वाजली.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. मी जळलेलो नाही. मला विसर पडलाय, दुसरं काही नाही. एक नाण्याएवढा सेल बदला आणि ज्याने पळायला शिकवलं त्याला एकदा विचारा. नाहीच जमलं, तर मात्र मला देताना टेबलफॅन जवळ ठेवा. सवय झालीय.

घंटा पुन्हा वाजली. बाबांनी खिडकीतून हात हलवून त्याला थांबवलं. खिशातून आपला फोन काढला आणि ताईपुढे धरला.

"ह्यावरून लाव. मला नंबर सापडत नाही."

नंबर यादीत पहिलाच होता. ताईने तो दाबला आणि स्पीकर चालू केला. टॉर्च धरायची तसा फोन बाबांच्या तोंडासमोर धरला.

एकदाच वाजला.

"बाबा? काय झालं? बाबा, बरे आहात ना?"

 बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"मला काय धाड भरलीय," ते म्हणाले. "तुझा हा खोका थंड पडलाय रे. पुन्हा चालू कसा करायचा, ते सांग."