झेनचा आडवा बार

उजवीकडचे नट पोपटने नुसत्या बोटांनी फिरवले. मग त्याने बारचं डावं टोक खाली टेकवलं, आणि भोकं बोल्टवर बसेनात. करंगळीच्या नखाएवढा फरक. त्याने बार उचलला, फिरवला, परत टेकवला. तेवढाच फरक.

"काका, माप कशाचं घेतलंत? बैलगाडीचं?" निकिता म्हणाली.

"जिभेला हाड हाय का तुझ्या?"

"माझ्या जिभेचं नंतर बघा. परवा आम्हाला वरंधा घाटातून जायचंय. तुम्ही म्हणालात आज बसतो."

बार म्हणजे बोनेटखालचा आडवा लोखंडी पाइप. पुढच्या दोन शॉकअपची डोकी तो एकमेकांशी जखडतो, म्हणजे वळणावर गाडीचं अंग पिळत नाही. एरवी खिडक्यांची ग्रिलं करणारा पोपट धानोरीच्या शेडमध्ये हे बारही बनवायचा, गाड्या पळवायचा नाद असलेल्या पोरांसाठी. निकिताला पळवायचं काही नव्हतं. अकरावी अर्ध्यात सोडून ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना स्कूटी शिकवायची, आणि गाडी वळताना कुठे वजन टाकते हे तिला बुडाखाली कळायचं. तिच्या भावाची, राकेशदादाची झेन गाडी वळणावर डावीकडे बसत होती. बसत होती म्हणजे होती. दादा म्हणायचा, "अलाइनमेंट केली की जाईल." अलाइनमेंट केली, गेलं नाही. मग तिनेच बारचं काढलं.

"बार? बार म्हणजे काय असतं?" दादाने विचारलं होतं. तिने कागदावर काढून दाखवलं होतं. कंप्युटरवाल्याला काय कळणार, असं वाटून तिला जरा बरंही वाटलं होतं.

आता पोपट भिंतीकडे बोट दाखवत होता. तिथे त्याचा फर्मा टांगलेला, झेनच्या मापाचा. "ह्या फर्म्यावर मी धा बार काढलेत. एक बी परत आला न्हाई."

"मग अकरावा आला."

पोपटला राग आला की तो बोलायचा नाही, चालायला लागायचा. तो बार खांद्यावर टाकून गल्लीच्या तोंडाशी गेला. निकिता मागे. पिठाच्या गिरणीवाल्याची पांढरी झेन तिथे उभी होती. गिरणीवाला भुवयांपर्यंत पिठाने माखून बाहेर आला.

"बोनेट उघड रं जरा."

"का, काय झालं?"

"ह्या बाईसाहेबांना माझी अक्कल तपासायचीय."

बोनेट उघडलं. पोपटने बार ठेवला. टुक. दोन्हीकडे एकदम. बोल्ट भोकांतून असे वर आले जसे त्यांना कुणी हाक मारली होती. गिरणीवाला म्हणाला, "छान दिसतंय, राहू दे की." पोपट हसला नाही. त्याने निकिताकडे बघितलं, तेही एकदाच.

ती शेडकडे पळत आली आणि आपल्या गाडीत डोकं घातलं. या वेळी नीट बघितलं. उजवीकडच्या बोल्टांभोवती रंग गोल घासला गेला होता, जुने, गंजाळलेले गोल. म्हणजे इथे आधी कधीतरी नटांखालचे वायसर बसले होते. म्हणजे ह्या गाडीवर आधी बार होता. डावीकडे घासल्याचं काही नाही. रंग कोरा, थोडा जास्तच चकचकीत, आणि कोपऱ्यात पुट्टीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा वाळलेला.

"ठोकलीय," पोपट मागून म्हणाला. "डाव्या अंगानं. वढून बसवलीय, पर पुरती वढली न्हाई. परवा घाटात म्हनतीस?"

निकिताचं डोकं सटकलं. गाडी विकली होती सुदर्शनने. दादाच्या ऑफिसातला, अकोल्याचा, गोड बोलणारा. 'एक ओरखडा नाही, ताई' म्हणून आईच्या हातचा चहा पिऊन गेलेला.

गाडी तिथेच टाकून ती पोपटच्या स्कूटीवर विमाननगरला गेली. सुदर्शन दोघा मित्रांबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार उघडताच ती म्हणाली, "ठोकलेली गाडी विकतोस? आमच्याच घरात चहा पिऊन?"

"काऊन गं, काय झालं? आत तर ये."

"आत येत नाही. डाव्या बाजूला पुट्टी आहे."

"काय म्हणू राहिली तू?" सुदर्शनच्या तोंडाचा रंग उतरला. निकिता टक लावून बघत होती. खोटं बोलणारा माणूस आधी रागावतो, असं तिचं मत होतं. हा रागावला नाही, गोंधळला. "पुट्टी? माझ्या गाडीले? अगं, मी तर तिच्यावर बार लावला होता. पुट्टीवाल्या गाडीवर बार बसतो का?"

"कुठाय बार?"

त्याने गॅलरीकडे हात केला. दोन कुंड्यांच्या मध्ये लाल रंगाचा बार सुतळीने टांगला होता, आणि त्याच्यावर तीन जीन्स वाळत होत्या.

"राकेशने भाव पाडला," सुदर्शन म्हणाला, "म्हणून मी म्हटलं, बार मी ठेवतो. खाली पार्किंगमध्ये काढला. एका बाजूचे नट मी खोलले, एका बाजूचे त्याने. विचार त्याले."

निकिताने जीन्स काढून खुर्चीवर फेकल्या आणि बार सोडवायला घेतला.

"अगं, ओल्या आहेत त्या!"

"संध्याकाळी आणून देते."

स्कूटीवर बार पायांत आडवा धरून येताना ती सिग्नलला दोघांच्या शिव्या खाऊन आली, पण तिच्या कानात एकच वाक्य होतं. बार म्हणजे काय असतं? दादाने स्वतः पाना धरून नट खोलले होते. आणि तिने कागदावर चित्र काढलं तेव्हा तो मान डोलावत बसला होता.

शेडमध्ये आली तर बार बसलेला. गाडीवर, दोन्ही बाजूंनी, नट आवळून. पोपट हात पुसत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

तिने आधी सुदर्शनचा लाल बार पोपटच्या फर्म्यावर ठेवला. बरोब्बर बसला. म्हणजे विकली तेव्हा गाडी सरळ होती. मग ती झेनकडे वळली आणि डावीकडच्या नटांखाली बोट घातलं. तिथे चांगले रुपयाएवढे वायसर होते, आणि वायसरच्या कडेतून भोकाचं टोक डोकावत होतं. गोल भोकं कानशीने लांबट केलेली, वर मोठे वायसर टाकून झाकलेली.

"हे कुणी सांगितलं?"

"गाडी त्याच्या नावावर हाय, म्हनून मी तुझ्या भावाला फोन क्येला. ठोकलेली हाय म्हनून सांगितलं. त्यो म्हनला, भोकं लांबवा, मोठं वायसर टाका, बसवून द्या."

"आणि?"

"आन् तिला काय सांगू नका म्हनला."

"मग सांगताय कसे?"

"तू इचारलंस."

झेन घेऊन ती घरी, विश्रांतवाडीच्या कॉलनीत आली, तेव्हा आई शेंगदाण्याची चटणी कुटत होती. महाडला न्यायची. दर वीस मार्चला सगळी कॉलनी बसने चवदार तळ्याला जायची. या वर्षी पहिल्यांदा सुखदेव, म्हणजे तिचे बाबा, सगळ्यांना सांगून बसले होते, आम्ही आमच्या गाडीने येतोय. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, रोज सकाळी जुन्या बनियनने झेन पुसायचा, आरसे पुसताना स्वतःकडे बघून भांग सारखा करायचा.

राकेश नुकताच ऑफिसातून आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच. "बसला का गं बार?" त्याने विचारलं. आवाज एकदम मोकळा. निकिताने त्याच्या कानाकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"बसला ना. चल, दाखवते कसा बसलाय."

"आत्ता? अगं, दमलोय मी."

"चक्कर मारू. तू डावीकडे बस, मी चालवते."

"जा रे," बाबा म्हणाले. "पोरगी एवढी धडपड करते तुझ्या गाडीसाठी."

लोहगावच्या रस्त्याला लागेपर्यंत राकेश पट्ट्याशी चाळा करत होता. ऊन उतरलं होतं, रस्ता रिकामा होता, आणि पुढे ते उजवीकडचं लांब वळण होतं जिथे ट्रकवाले हॉर्न देतात. निकिताने वेग कमी केला नाही.

"हळू घे."

"का? बार बसलाय की."

वळण लागलं. गाडी डाव्या अंगावर बसली, नेहमीपेक्षा कमी, आणि राकेशच्या पायापुढून, पत्र्याच्या आतून, आवाज आला. कट्. मग परत, कट्. लांबट भोकात बोल्ट सरकल्याचा आवाज. स्टिअरिंग तिच्या हातात थोडंसं हललं, जसं कुणी दुसऱ्यानेही धरलं आहे.

"निकी, हळू!"

"परवा इथे आई बसणार. तू बसलायस त्या जागी. मांडीवर डबा घेऊन."

"थांबव!"

"तेव्हा असा रस्ता नसेल. एका बाजूला दरी असेल."

"थांबव म्हणतो ना!"

तिने गाडी कडेला घेतली. राकेशने दार उघडलं पण उतरला नाही. एक पाय बाहेर, एक आत, असा बसून राहिला.

"सुदर्शनकडे गेलेली मी," निकिता म्हणाली. "त्याच्या बारवर जीन्स वाळतात. पाना कुणी धरला होता ते सांगितलं त्याने."

राकेशने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "रात्रपाळी करून येत होतो. आळंदी रोडला. डोळा लागला. पुढे टँकर उभा होता."

"कधी?"

"घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात."

"सर्व्हिसिंगला दिलीये म्हणालास तेव्हा."

"हं. येरवड्याच्या मागे एका शेडमध्ये दिली. तो म्हणाला, कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं."

"तुला काय, तुला सगळंच कळतं!" तो एकदम ओरडला, मग आवाज पडला. "बाबा रोज बनियनने पुसतात ती. त्यांना काय सांगू? डावी बाजू पुट्टीची आहे, तिथे जास्त घासू नका?"

निकिताला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "म्हणून घाटात नेणार होतास?"

"मला वाटलं, बार लावला की होईल ठीक."

"भोकं लांबवून?"

त्याने बाहेरचा पाय आत घेऊन दार लावलं.

"तू सांगतोस का मी सांगू?" ती म्हणाली. "तू सांगितलंस तर टँकर उभा होता, एवढंच. मी सांगितलं तर पोपटला फोनवर काय सांगितलंस तेही येईल."

येताना ती इतक्या हळू चालवत होती की एक सायकलवाला पुढे गेला.

घरात आल्यावर राकेश पाणी प्यायला. दुसरा तांब्या भरून तोही प्यायला. निकिता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आतल्या माणसाला तिला ढकलल्याशिवाय बाहेर जाता आलं नसतं. शेवटी तो बाबांसमोर बसला आणि सगळं सांगितलं, डोळा लागल्यापासून. पोपटला केलेला फोनसुद्धा. तो सांगेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यामुळे तिला आणखी संशय आला की अजून काहीतरी राहिलंय.

आईने मुसळ खाली ठेवलं. "तुला लागलं होतं?"

"नाही."

"शर्ट काढ."

"आई, तीन महिने झाले."

"काढ म्हणते ना."

छातीवर पट्ट्याचा काही डाग नव्हता. आईने बघितलं, पाठ फिरवून बघितलं, आणि मगच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला मोठा.

बाबांनी चष्मा काढला, घातला, उठले, चपला सरकवल्या आणि शेजारी सोनबाकाकांच्या दाराशी गेले. बसचं बुकिंग सोनबाकाका बघायचे.

"जय भीम सोनबा. जागा आहेत का बसमध्ये?"

"जय भीम. जागा?" सोनबाकाका बाहेर आले. "आणि गाडीचं काय झालं, सुखदेव? कालपर्यंत तर आम्हाला हॉर्न वाजवून पुढे जाणार होतास."

"आजारी आहे," बाबा म्हणाले. मग मागे वळले, घराकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. ठोकलीय. माझ्या मुलाने. तीन जागा दे."

"तीन? चौघं ना तुम्ही?"

"तीन."

राकेश अजून शर्टाची बटणं लावत होता. त्याने ऐकलं. हात तिथेच थांबले.

निकिता चौकटीवरून सुटली आणि बाहेर आली. "काका, चार लिहा."

"निकिता," बाबा म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस."

"इथे एकटा ठेवला ना, तर आपण येईपर्यंत हा अजून एखाद्या शेडमध्ये जाऊन अजून एखादं भोक लांबवून ठेवेल. चार लिहा. पण ह्याला माझ्या पुढची सीट द्या. खिडकी नको. मला दिसत राहिला पाहिजे."

सोनबाकाकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी झेन उभी असते त्या बाजूला तोंड केलं.

"लिही," ते म्हणाले.